‘एल रिओ दे लुझ’ : फ्रेडरिक चर्चने रंगवलेल्या नदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं पान एकाच पेंटिंगबद्दल आहे. चित्रकलेतलं आपल्याला काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी तर नक्की वाचा, कारण हे चित्र समजायला कुठला कोर्स लागत नाही, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो. लोक जे प्रश्न नेहमी विचारतात ते घेतलेत, काही उत्तरं लांबली आहेत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हे नेमकं कुठलं चित्र? कोणाचं?

चित्राचं नाव ‘एल रिओ दे लुझ’, म्हणजे स्पॅनिशमध्ये प्रकाशाची नदी. बरीच वर्षं ते ‘मॉर्निंग इन द ट्रॉपिक्स’ या नावाने ओळखलं जायचं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ते नाव दिसलं तर गोंधळू नका. चित्रकार फ्रेडरिक एडविन चर्च, अमेरिकन, जन्म १८२६ कनेटिकटमधल्या हार्टफर्डचा, मृत्यू १९००. (चर्च हे त्याचं आडनाव आहे, सर्च करताना पूर्ण नाव टाका नाहीतर नुसत्या चर्चच्या इमारती येतात.) चित्र १८७७ चं, कॅनव्हासवर तैलरंग, साधारण १३८ सेंटिमीटर उंच आणि २१४ सेंटिमीटर रुंद, म्हणजे साडेचार फूट बाय सात फूट. सध्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, १९६५ मध्ये एका फाउंडेशनने ते गॅलरीला भेट दिलं.

चित्रात आहे तरी काय? मला तर फक्त झाडं आणि पाणी दिसतं.

बरोबर दिसतंय, झाडं आणि पाणीच आहे! पण थांबा जरा. सकाळची वेळ आहे, सूर्य नुकताच वर आलाय आणि हवेत इतका दमटपणा आहे की तो सूर्य डोळ्यांना टोचत नाही, फिक्कट पिवळी चकती दिसते नुसती. नदी एकदम संथ, जवळजवळ साचल्यासारखी, आणि त्या सूर्याचा उजेड पाण्यावर लांब पसरत आपल्यापर्यंत येतो. दोन्ही बाजूंना गच्च जंगल, वेली लोंबतायत, पाणवनस्पती, मोठमोठी पानं, आणि हे सगळं पुढच्या भागात सावलीत ठेवलंय, त्यामुळे आपण स्वतः झाडीत कुठेतरी उभे राहून उजेडाकडे बघतोय असं वाटतं. मग हळूहळू बाकीचं दिसायला लागतं, लाल छातीचा एक छोटा हमिंगबर्ड, पुढे पाणपक्ष्यांचा थवा, आणि लांब पाण्यावर होडीत एक माणूस, इतका लहान की पहिल्यांदा बघताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

माझ्या मते या चित्राचा खरा विषय नदी नाहीच, हवा आहे. ओली, उबदार, पहाटेची हवा. झाडं काढणारे भरपूर चित्रकार सापडतील पण दोन झाडांच्या मधली हवा काढणं फार अवघड, आणि इथे ती अशी काढलीय की लांबची झाडं जवळच्या झाडांपेक्षा कशी एकेक पायरीने फिकी होत जातात ते तुम्ही मोजू शकता. पावसाळा संपल्यावर कोकणात खाडीवर सकाळी जो धूसर पिवळा उजेड असतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच पटेल.

ही कुठली नदी आहे? अॅमेझॉन का?

नाही, आणि हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. दक्षिण अमेरिका, जंगल, नदी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात अॅमेझॉनच येते, पण चर्चच्या दोन्ही ट्रिपा खंडाच्या उत्तर आणि पश्चिम भागातल्या, आजचा कोलंबिया आणि इक्वेडोर. कोलंबियातल्या माग्दालेना नदीतून त्याने मोठा प्रवास केला, आणि इक्वेडोरमधलं ग्वायाकिल हे बंदरही नदीवरच आहे, तिथेही तो राहिला. पण हे चित्र यातल्या कुठल्याच एका जागेचं नाही. अमुक ठिकाणी उभं राहिलं की हाच देखावा दिसेल असं म्हणता येत नाही, कारण चर्चने वेगवेगळ्या जागी केलेली स्केचेस एकत्र करून ही नदी बांधली.

कोणाला यात फसवणूक वाटते, मला वाटत नाही. त्या काळात मोठं लँडस्केप असंच बनायचं, जागेवर अभ्यास करायचा आणि मोठा कॅनव्हास स्टुडिओत रचायचा. एकेक पान खरं असायला हवं, पानांची मांडणी चित्रकाराची.

एवढ्या लांब गेला कशासाठी पण? अमेरिकेत नद्या नव्हत्या का?

होत्या की, चर्च तर हडसन नदीच्या काठावरच शिकला. कॅट्सकिल गावात थॉमस कोल हा त्या वेळचा अमेरिकेतला सगळ्यात नावाजलेला निसर्गचित्रकार राहायचा, त्याच्याकडे चर्च १८४४ ते १८४६ होता. पुढे १८४९ मध्ये, म्हणजे तेविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनचा सभासद झाला. करिअर मस्त चाललं होतं.

दक्षिणेकडे त्याला ओढलं ते अलेक्झांडर फॉन हंबोल्टने. हंबोल्ट हा जर्मन शास्त्रज्ञ, १७९९ ते १८०४ अशी पाच वर्षं त्याने दक्षिण आणि मध्य अमेरिकेत काढली, ओरिनोको नदीतून फिरला, चिंबोराझो या सहा हजार मीटरच्या वरच्या ज्वालामुखीवर बराच वर चढला, आणि डोंगराच्या पायथ्यापासून शिखरापर्यंत जाताना झाडं कशी बदलत जातात याचा त्याने पद्धतशीर अभ्यास केला. खाली ताड आणि केळी, वर गवत, त्यावर बर्फ, म्हणजे एका डोंगरावर सगळ्या पृथ्वीचं हवामान. म्हातारपणी त्याने ‘कॉसमॉस’ नावाचा ग्रंथ लिहायला घेतला, त्याचा दुसरा खंड १८४७ चा, आणि त्यात एक भाग चक्क निसर्गचित्रांवर आहे. त्यात तो म्हणतो की चित्रकारांनी युरोपातच अडकून न राहता उष्ण कटिबंधात जावं, तिथे जागेवर फांद्या, पानं, झाडांचे शेंडे रंगात अभ्यासावेत आणि परत येऊन त्यातून मोठी चित्रं करावीत. एखादा शास्त्रज्ञ चित्रकारांना एवढं नेमकं काम सांगतोय हे किती भारी आहे! इंग्रजी भाषांतर लगेचच आलं, चर्चने ते वाचलं आणि निघाला.

प्रवास कसा झाला? तेव्हा तर विमान वगैरे काहीच नव्हतं.

पहिला प्रवास १८५३ चा, एप्रिल ते ऑक्टोबर. बरोबर सायरस फील्ड नावाचा न्यूयॉर्कचा बिझनेसमन होता, हाच माणूस पुढे अटलांटिक समुद्राच्या तळातून टेलिग्राफची केबल टाकण्याच्या खटपटीत प्रसिद्ध झाला. फील्डला तिकडच्या व्यापारात रस होता आणि आपल्या चित्रकाराला डोंगर आणि झाडं हवी होती, जोडी जमली.

कॅरिबियन किनाऱ्यावर बारांकियाजवळ उतरले आणि माग्दालेना नदीतून वर निघाले. ही नदी जवळपास दीड हजार किलोमीटर लांब, आणि त्या काळी देशाच्या आतल्या भागात जायचा खरा रस्ता तोच. ओंदा गावापर्यंत पाण्यातून, तिथे खळाळ सुरू होतात म्हणून बोट सोडायची आणि खेचरांवर बसून डोंगर चढत बोगोता. तिथून तेकेंदामाचा धबधबा बघितला, मग काउका खोरं, पोपायान, पास्तो करत करत महिनोन्‌महिने दक्षिणेकडे, क्विटोपर्यंत, पुढे कोतोपाक्सी आणि चिंबोराझो हे ज्वालामुखी, शेवटी ग्वायाकिल आणि पनामामार्गे घरी. वाटेत उकाडा, डास, चिखल, आणि एवढं सगळं असताना हा माणूस पेन्सिलने स्केचेस करतोय आणि स्केचमध्येच बारीक अक्षरात लिहून ठेवतोय की इथला रंग असा, ढगाची कड अशी, पान असं. रंगीत फोटोग्राफी तेव्हा नव्हती, त्यामुळे या नोंदी म्हणजेच त्याची मेमरी.

दुसरी ट्रिप १८५७ ची, लहान होती, फक्त इक्वेडोर, आणि या वेळी बरोबर लुई रेमी मिनियो हा दुसरा चित्रकार. त्यानंतर चर्च दक्षिण अमेरिकेत परत कधी गेला नाही.

म्हणजे शेवटची ट्रिप १८५७ आणि चित्र १८७७? वीस वर्षांनी?

हो! आणि हे कळलं की चित्र वेगळं दिसायला लागतं, निदान मला तरी दिसलं. वीस वर्षांत त्याच्या आयुष्यात काय काय झालं ते बघा. १८५७ मध्ये तो एकतिशीचा, अविवाहित, ‘नायगारा’ हे मोठं चित्र नुकतंच गाजलेलं. नंतर लग्न झालं, मुलं झाली, अमेरिकेत सिव्हिल वॉर झालं, आणि १८६५ च्या मार्चमध्ये त्याची दोन्ही लहान मुलं, हर्बर्ट आणि एमा, घटसर्पाने काही दिवसांच्या अंतराने गेली.

त्यानंतर तो आणि त्याची बायको इझाबेल जमैकाला गेले आणि काही महिने तिथे राहिले. इझाबेल नेचे गोळा करून वहीत दाबून ठेवायची आणि चर्च रोज बाहेर पडून रंगवायचा, ताड, बांबू, नेचे, पावसाचे ढग, संध्याकाळचं आकाश. जमैकातली ती छोटी ऑइल स्केचेस त्याच्या सगळ्या कामात मला सगळ्यात जवळची वाटतात, कारण ती विकायला किंवा प्रदर्शनात लावायला केलेली नाहीत, एक दुःखी माणूस समोरच्या पानाकडे नीट बघतोय एवढंच त्यात आहे. पुढच्या वर्षीचं ‘रेनी सीझन इन द ट्रॉपिक्स’, ज्यात दरीवर दुहेरी इंद्रधनुष्य आहे, ते या सगळ्यानंतरचं. पुढे त्यांना आणखी चार मुलं झाली.

मग १८७६ च्या सुमाराला संधिवाताने गाठलं, उजव्या हाताला त्रास सुरू झाला, रंगवायचा हात तो. पुढे त्याने डाव्या हाताने काम करायचं शिकून घेतलं. ‘एल रिओ दे लुझ’ या दिवसांतलं आहे, उष्ण प्रदेशाची जी मोठी चित्रं त्याने केली त्यांतल्या शेवटच्यांपैकी एक. म्हणजे यात १८५३ आणि १८५७ च्या वह्या आहेत आणि पन्नाशीतल्या माणसाने तरुणपणीच्या त्या नदीकडे मागे वळून बघणंही आहे. ते धुकं निव्वळ हवामानाचं आहे असं मला वाटत नाही, पण हे माझं वाचन आहे, चर्चने असं काही लिहून ठेवलंय म्हणून सांगत नाहीये.

‘हार्ट ऑफ द अँडीज’ तर जास्त फेमस आहे ना? मग या चित्राबद्दल का लिहिताय?

फेमस ते आहेच, आणि त्याची गोष्ट भन्नाट आहे म्हणून सांगतोच. १८५९ चं, जवळपास दहा फूट रुंद, न्यूयॉर्कमध्ये एकच चित्र ठेवून प्रदर्शन भरवलं, तिकीट २५ सेंट. खिडकीच्या चौकटीसारखी मोठी लाकडी फ्रेम, बाजूला पडदे, उजेडाची खास सोय, म्हणजे खिडकीतून थेट अँडीज पर्वत बघतोय असं वाटावं. लोक नाटकाला नेतात तसल्या छोट्या दुर्बिणी घेऊन यायचे आणि चित्राचा एकेक कोपरा तपासायचे. तीन आठवड्यांत बारा हजारांच्या वर लोक आले! शेवटी ते दहा हजार डॉलरला विकलं गेलं, हयात अमेरिकन चित्रकाराला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी किंमत. मार्क ट्वेन तेव्हा मिसिसिपीवर स्टीमबोटीचा पायलट होता, त्याने सेंट लुईसमध्ये ते पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहायला गेला आणि भावाला पत्र लिहून सांगितलं. चर्चला ते बर्लिनला पाठवून हंबोल्टला दाखवायचं होतं, पण न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शन चालू असतानाच, ६ मे १८५९ ला हंबोल्ट गेला. ज्याच्या पुस्तकामुळे हे सगळं सुरू झालं त्याने ते कधी बघितलंच नाही, हे वाचून अजूनही वाईट वाटतं.

आता तुलना. ‘हार्ट ऑफ द अँडीज’मध्ये सगळं आहे, बर्फाचं शिखर, पठार, धबधबा, गाव, वाटेवरचा क्रॉस, पक्षी, फुलं, आणि सगळं तितकंच स्पष्ट, काचेसारखं. बघून थक्क व्हायला होतं पण थकायलाही होतं. ‘एल रिओ दे लुझ’मध्ये त्याने डोंगर काढून टाकले, शिखर नाही, धबधबा नाही, कथा नाही, आणि जे उरलं त्याच्यावर धुकं टाकलं. एवढी हुकमी कारागिरी हातात असताना काय दाखवायचं नाही हे ठरवणं सोपं नसतं. म्हणून मला हे चित्र मोठं वाटतं, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं ते भव्य चित्र बघून आल्यावर लोकांनी हेही बघावं असं मनापासून वाटतं.

होडीतला तो माणूस कोण आहे?

कोणी विशिष्ट व्यक्ती नाही. जुन्या निसर्गचित्रांत माणूस बऱ्याचदा आकाराचा अंदाज यावा म्हणून असतो, जंगल किती मोठं आणि माणूस किती छोटा.

पण इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. १८५३ ची माग्दालेना अशी रिकामी आणि शांत अजिबात नव्हती. त्या नदीवर शतकानुशतकं नावाडी काम करत होते, त्यांना बोगा म्हणत, बहुतेक आफ्रिकी आणि आदिवासी वंशाचे लोक, लांब काठ्यांनी तळ रेटत ते जड होड्या प्रवाहाच्या उलट वर न्यायचे, कित्येक आठवडे लागायचे त्याला. तंबाखू वाहून नेणाऱ्या वाफेच्या बोटीही सुरू झालेल्या होत्या. आणि त्या देशात, तेव्हा त्याचं नाव न्यू ग्रनाडा, गुलामगिरी कायद्याने संपली ती १ जानेवारी १८५२ ला, म्हणजे चर्च पोचायच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी. हे सगळं त्या नदीवर चालू होतं आणि त्याच्या या चित्रात ते नाही. त्याने जणू माणसाचं जग सुरू व्हायच्या आधीची पहिली सकाळ रंगवली, आणि असं रंगवताना खऱ्या नदीवर राबणारी माणसं बाहेर राहिली. चित्र सुंदर आहे आणि हे बाहेर राहणंही खरं आहे, मी दोन्ही मानतो. पाहुणा म्हणून आलेला चित्रकार काय बघतो आणि काय बघत नाही हे समजायला ही एकटी होडी फार उपयोगी पडते.

हमिंगबर्ड, वेली वगैरे खरे आहेत का मनाचे?

चर्चची सवय बघता मनाचं कमीच. त्याचे झाडांचे अभ्यास इतके बारकाईने केलेले आहेत की एकाच ताडाची झावळी वेगवेगळ्या कोनांतून काढलेली सापडते. जागा कल्पनेतली असली तरी पानं, वेली यांच्यामागे हे सगळं होमवर्क आहे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच मिळतो, आपल्याकडे शिंजीर असतात ते दिसायला थोडे तसे असले तरी कूळ वेगळं, त्यामुळे चित्रातला तो एक पक्षी बघूनही आपण कुठल्या खंडात आहोत ते कळतं.

ही स्केचेस गेली कुठे तर त्याचा मुलगा लुई याने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियनच्या म्युझियमला दोन हजारांच्या वर ड्रॉइंग आणि ऑइल स्केचेस देऊन टाकली, आज ते कूपर ह्यूइट म्युझियम. ऑनलाइन बघता येतात, जरूर बघा.

हडसन रिव्हर स्कूल म्हणजे कुठली शाळा होती का?

शाळा नाही, अमेरिकन निसर्गचित्रकारांच्या एका गटाला नंतर मिळालेलं नाव आहे, आणि ते सुरुवातीला टीका म्हणून वापरलं जायचं. थॉमस कोल, अॅशर ड्युरँड, चर्च, बीअरश्टाट वगैरे. ‘ल्युमिनिझम’ हा शब्दही तुम्हाला वाचायला मिळेल, शांत पाणी, धूसर उजेड, ब्रशचे फटकारे दिसणार नाहीत असा गुळगुळीत पृष्ठभाग असलेल्या चित्रांसाठी, पण तो विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी काढलेला, चर्चच्या कानावर कधी पडला नसणार.

१८७७ म्हणजे पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट आलेले होते ना? मग हे जुनाट नाही वाटत?

त्या वेळी वाटलंच. इम्प्रेशनिस्ट म्हणजे बदलता उजेड ब्रशच्या मोकळ्या फटकाऱ्यांत पकडणारे फ्रान्समधले चित्रकार, त्यांचं पहिलं प्रदर्शन १८७४ चं, आणि अमेरिकेत पैसेवाले लोक तोपर्यंत फ्रेंच चित्रांकडे वळलेले होते, सैल ब्रश, मूड, छोटे विषय. चर्चचं सात फुटी, पान न पान रंगवलेलं जंगल फॅशनच्या बाहेर गेलं. पण गंमत बघा, इम्प्रेशनिस्टांमधला मोने आणि चर्च दोघंही त्याच वर्षांत धुक्यातल्या सूर्याच्या आणि पाण्याच्या मागे लागलेले होते, मोनेने तो उजेड ब्रशच्या मोकळ्या फटकाऱ्यांत पकडला, चर्चने पातळ थरांवर थर देऊन. मला दोन्ही हवेत.

असे फिरस्ते चित्रकार आणखी कोण होते?

बरेच. बव्हेरियाचा रुगेंडास १८२० च्या दशकात ब्राझीलला गेला आणि त्याची तिथली चित्रं पॅरिसहून छापली गेली. बेलरमान हा जर्मन १८४० च्या दशकात व्हेनेझुएलात फिरला, त्यामागेही हंबोल्टचाच हात. मार्टिन जॉन्सन हीड १८६३ मध्ये ब्राझीलला गेला तो खास हमिंगबर्डसाठी.

आणि मेरिअन नॉर्थ! तिच्याबद्दल वेगळं पान लिहायला हवं. ही इंग्लिश बाई एकटीने जग फिरत रोपं रंगवायची, १८७१ मध्ये अमेरिकेत ती चर्चच्या घरी गेली, त्याची चित्रं तिला फार आवडायची, तिथून पुढे जमैका आणि ब्राझील. चर्च ‘एल रिओ दे लुझ’ करत होता त्याच १८७७ साली ती भारतात यायला निघाली आणि १८७९ पर्यंत इकडे फिरून रंगवत होती. लंडनच्या क्यू गार्डनमध्ये तिची स्वतःची गॅलरी आहे, भिंतीभर आठशेच्या वर चित्रं एकमेकांना चिकटून लावलेली.

आपल्याकडे कोणी आलं होतं का असं? चर्चचा भारताशी काही संबंध?

चर्च स्वतः भारतात आला नाही. इकडे येणारे चित्रकार त्याच्या आधीच येऊन गेले, थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईला आले आणि घारापुरी, कान्हेरी बघितली. तेव्हा इथे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार होता, सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं प्रसिद्ध चित्र ज्याचं तोच, त्याने काढलेली वेरूळची ड्रॉइंग पुढे डॅनियलनी छापली.

पण चर्चचा एक धागा मात्र खरंच इकडे येतो. लॉकवूड डी फॉरेस्ट हा त्याचा नातेवाईक आणि शिष्य, रोममध्ये त्याच्याकडे शिकायला लागला. हा १८८१ मध्ये लग्नानंतर बायकोला घेऊन भारतात आला आणि इथल्या लाकडी कोरीवकामाच्या प्रेमातच पडला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अहमदाबादमध्ये मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्याने कोरीवकामाचा कारखाना सुरू केला आणि तिथलं काम अमेरिकेत जायला लागलं. त्यातलं काही चर्चच्या घरात पोचलं. म्हणजे हडसनकाठच्या त्या घरात अँडीजची स्केचेस आणि अहमदाबादच्या सुतारांनी कोरलेलं सागवान एका छताखाली आहे.

कुठलं घर?

ओलाना. हडसन नदीच्या वर टेकडीवर, १८७० ते ७२ मध्ये बांधलं. त्याआधी दीडेक वर्षं चर्च कुटुंबासकट युरोप, जेरुसलेम, दमास्कस असा फिरून आला होता आणि तिथल्या कमानी, नक्षी डोक्यात घेऊन त्याने हे पर्शियन थाटाचं घर कॅल्व्हर्ट वॉ या आर्किटेक्टच्या मदतीने उभं केलं. खिडक्या अशा ठेवल्यात की प्रत्येकीतून नदीचं एकेक चित्र दिसतं. हात दुखायला लागल्यावर त्याची बरीचशी शक्ती या घरात, झाडं लावण्यात आणि रस्ते आखण्यात गेली.

एवढा मोठा चित्रकार मग मधे विसरला कसा गेला?

फॅशन बदलली एवढंच. १९०० मध्ये तो वारला तेव्हा मेट्रोपॉलिटनने स्मृतिप्रदर्शन केलं, पण नंतर पन्नासेक वर्षं कोणी विचारत नव्हतं. १९६० च्या दशकात घराण्याकडे असलेलं ओलाना लिलावात जाऊन सामान विखुरणार अशी वेळ आली, तेव्हा डेव्हिड हंटिंग्टन या कलेतिहासाच्या अभ्यासकाने आणि इतरांनी मोहीम चालवली आणि १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते विकत घेतलं. मग १९७९ मध्ये त्याचं हरवलं असं समजलेलं ‘द आइसबर्ग्ज’ इंग्लंडमध्ये मँचेस्टरला मुलांच्या एका वसतिगृहाच्या जिन्यात सापडलं आणि न्यूयॉर्कच्या लिलावात २५ लाख डॉलरला गेलं, अमेरिकन चित्राचा तेव्हाचा रेकॉर्ड. त्यानंतर नाव परत सगळीकडे.

‘एल रिओ दे लुझ’ बघायचं कसं?

वॉशिंग्टनला कोणी नातेवाईक असतील, जाणं होणार असेल तर नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या वेस्ट बिल्डिंगमध्ये जा, प्रवेश फुकट आहे. जायच्या आधी गॅलरीच्या साइटवर चित्र सध्या भिंतीवर लावलंय का ते तपासा कारण चित्रं अधूनमधून हलवतात. ‘नायगारा’ही आता याच गॅलरीकडे आहे.

घरबसल्या बघायचं असेल तर गॅलरी आपल्या साइटवर मोठ्या साइजची इमेज मोफत डाउनलोडला देते. मोबाइलवर बघू नका, कॉम्प्युटरच्या मोठ्या स्क्रीनवर उघडा आणि खोलीतला दिवा कमी करा. आधी झूम न करता पूर्ण चित्र बघा, सूर्यावरून सुरुवात करून पाण्यातल्या उजेडाच्या पट्ट्यावरून खाली या. मग झूम करून पुढची सावलीतली पानं, मग हमिंगबर्ड, आणि सगळ्यात शेवटी ती होडी शोधा.